उघडण्याआधी तासभर

सोमवार, ३ तारीख

लागले बाई एकदाची नोकरीला! ही वही ताईने दिली. म्हणाली, तू दिवसभर वटवट करून माझं डोकं खातेस, त्यातलं अर्धं या वहीला सांग, आणि बाळ मोठं झालं की त्याला वाचायला दे, म्हणजे मावशी काय चीज होती ते कळेल. तर बाळा, वाच.

ताईला आठवा लागलाय. भाऊजी जहाजावर आहेत, ते पुढच्या महिन्यात येतील. तिच्या सोबतीला म्हणून मी इथे राहायला आले आणि आलेच आहे तर नोकरीही इथेच शोधली. तिला याआधी दोनदा दिवस राहिले होते, दोन्हीदा गेलं. त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. या वेळी मात्र सगळं नीट चाललंय, बाळाभोवती पाणी तेरा सेंटिमीटर आहे आणि तेरा म्हणजे अगदी छान, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं.

प्रयोगशाळा लहान पण लख्ख आहे. काम मला पाहता क्षणी आवडलं. पेप्टाइड नावाची प्रथिनाची भुकटी पाण्यात विरघळवायची, काचेच्या बोटभर कुप्यांत भरायचं, रबरी बुचं अर्धवट टेकवायची आणि ट्रे फ्रीज ड्रायरमध्ये सरकवायचा. आधी सगळं गोठतं. मग पंप आतली हवा ओढून घेतो आणि बर्फाचं पाणी न होताच त्याची थेट वाफ होऊन जाते. दोन दिवसांनी कुपीच्या तळाशी उरते एक पांढरी, हलकी चकती. मग बूच घट्ट दाबायचं, वर पत्र्याचं झाकण आवळायचं, चिठ्ठी लावायची आणि कुपी डीप फ्रीजरमध्ये. वर्षानुवर्षं टिकते म्हणे.

प्रमुख बाई भल्या आहेत, पण प्रत्येक गोष्ट मोजतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मोजपट्टी ठेवलंय. त्यांनी मला दोन गोष्टी तीन-तीनदा बजावल्या. एक, फ्रीजरमधून काढलेली कुपी कोरड्या पेटीत तासभर ठेवायची. ती खोलीइतकी कोमट झाल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवेतला ओलावा आत धरतो आणि माल वाया जातो. दुसरं, चूक झालीच तर त्याच दिवशी लाल वहीत लिहायची. लिहिली तर कुणी चकार शब्द बोलणार नाही, लपवली तर उमेदवारीची तीन महिन्यांची मुदत संपायच्या आधी घरी. जाता जाता हेही सांगितलं की इथल्या कुठल्याच दाराला आतून कडी नाही. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर बाहेरच्याला उघडता यायला हवं.

तासभर थांबायचं! आणि ते मी! आमच्या घरात थांबणं कुणाला जमलेलंच नाही. ताई तर चहाला उकळी यायच्या आधी गाळायला घेते.

शुक्रवार, ७ तारीख

हात बसला. आज दोनशे कुप्या आवळल्या, एकही फुटली नाही.

भांडारवाल्या काकांशी गट्टी जमली. माझ्या आधी इथे जो होता त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना शिकवत बसायचा. एक दिवस यायचा बंद झाला. ना राजीनामा, ना निरोप. त्याचा पांढरा कोट अजून खुंटीवर आहे. काका म्हणाले, शेवटी शेवटी इतका वाळला होता की कोट खुंटीला आहे की त्याच्या अंगावर ते कळायचं नाही. मी हसले. काका हसले नाहीत.

बुधवार, १२ तारीख

आज जरा गडबड झाली. चारला ताईची तपासणी होती आणि ही बाई अडीचपासून खाली फाटकाशी येऊन मला फोनवर फोन करतेय. माझं एकच काम उरलं होतं, बॅच सतराची एक जुनी कुपी उघडून चिमूटभर माल चाचणीला काढायचा. ती सगळ्यात खालच्या कप्प्यात मागे होती, चिठ्ठीवर मास्तरांचं अक्षर. पेटीत ठेवली. तास कुठला, पंधरा मिनिटं जेमतेम झाली असतील. काचेवर अजून दव होतं. म्हटलं, काय होतंय! झाकण उचकटलं, बूच काढलं.

कुपीत हवा नसते, त्यामुळे उघडताना बारीक 'स्स' होतं आणि संपतं. हिचा आवाज संपेना. कुपी हवा ओढतेय, ओढतेय. मी गंमत म्हणून आकडे मोजायला लागले. तीसपर्यंत मोजले आणि मग घाबरून बूच दाबून टाकलं.

लाल वहीत लिहिलं नाही. दहा दिवसांत पहिली चूक आणि तीही त्यांनी तीनदा सांगितलेली! नोकरी गेली तर ताईला या अवस्थेत सोडून परत जावं लागेल. एका कुपीने काय बिघडतंय.

शुक्रवार, १४ तारीख

कुपी कोरड्या पेटीत लपवली होती. पेटीत ओलावा शोषणारे खडे असतात. कोरडे असले की निळे, ओलावले की गुलाबी. मी हाताला येतील ते वापरलेले गुलाबी खडे टाकले होते. आज सगळे निळे. आपोआप कधी होत नाहीत, भट्टीत भाजावे लागतात.

कुपीचं वजन केलं. वाढलंय. चकती मात्र खडखडीत कोरडी, तडे गेलेली.

खिडकीतलं रोप सुकलं. काल तर पाणी घातलं होतं मी.

सोमवार, १७ तारीख

ओठ फुटलेत. दिवसभर पाणी पितेय आणि तहान जात नाही. काका म्हणाले, उतरलीस गं. मी म्हटलं, बरंच झालं, कपडे बसतील.

आणि मोजपट्टीने आज बॉम्ब टाकला. परवा बॅच सतराच्या एकूण एक कुप्यांचं वजन होणार, बाईंच्या समोर. त्यानंतर त्या महिनाअखेरपर्यंत परिषदेला जाणार. ही कुपी वजनकाट्यावर ठेवली की माझं बिंग फुटलंच.

मंगळवार, १८ तारीख

केलं. तिच्या जागी दुसऱ्या बॅचची उरलेली कुपी ठेवली, चिठ्ठी बदलली. खरी कुपी रुमालात गुंडाळून डब्यातून घरी आणली. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांमागे ठेवलीय. बाई गेल्या की परत नेईन. ताईला काही बोलले नाही.

बुधवार, १९ तारीख

वजनं जुळली. बाईंनी माझी पाठ थोपटली. जीव भांड्यात पडला.

पण घरी ताई चिडचिड करत होती. फ्रिजमधल्या काकड्या सुरकुतल्या म्हणे, आणि मी बाटल्या पिऊन पुन्हा भरून ठेवत नाही म्हणे. मी बाटल्यांना हात लावलेला नाही. झाकणं घट्ट होती. आतलं पाणी अर्ध्यावर.

उद्या नेते परत.

गुरुवार, २० तारीख

नेता आली नाही. ताईला सकाळपासून गरगरतंय, मी रजा टाकली. तिची जीभ कोरडी पडलीय. बाळ रोज सकाळी लाथा मारतं, आज मारल्या नाहीत. ती मला हसत म्हणाली की तुझ्यावर गेलंय, आळशी. मग पोटावर ठेवलेला हात तिने दिवसभर काढला नाही.

शुक्रवार, २१ तारीख

पाणी सहा.

डॉक्टरीण बाईंनी दोनदा यंत्र फिरवलं. मग ताईला विचारलं की कुठून गळतंय का. नाही. ताप? नाही. मग गेलं कुठे, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

मला माहीत आहे कुठे गेलं. ताईचा पलंग भिंतीला लागून आहे. भिंतीच्या पलीकडे फ्रिज.

शनिवार, २२ तारीख

सकाळी पुन्हा तपासणी. चार. याहून खाली गेलं तर बाळ आताच काढावं लागेल, आणि आता काढलं तर खात्री देता येत नाही असं त्या म्हणाल्या. ताई रडली नाही. नुसती छताकडे बघत राहिली, मागच्या दोन वेळेला बघत होती तशी.

मी कुपी घेऊन लॅबमध्ये पळाले. म्हटलं, हवंय ना तुला पाणी, घे. ड्रॉपरने घातलं. दहा थेंब, शंभर थेंब. अख्खा पेला त्या बोटभर कुपीत गेला. चकती कोरडीच. बादलीत बुडवून ठेवली. दुपारी बादली रिकामी.

मग लाल वही काढली. म्हटलं, आता सगळं लिहून टाकू, नोकरी गेली खड्ड्यात. पहिल्यांदाच उघडली मी ती वही. शेवटचं पान मास्तरांचं होतं.

'बॅच १७ ची कुपी घाईत थंड असतानाच उघडली. लिहायला उशीर केला.' खाली तारखा, आणि समोर आकडे. ७१. ६८. ६३. ५७. कुपीचं वजन उतरेल कसं, असं वाटलं मला आधी. मग कळलं. ते किलो आहेत. ते त्यांचं वजन आहे. शेवटचा आकडा ३८.

त्याखाली थरथरत्या अक्षरात लिहिलंय. थंडीत ती झोपलेली असते. थंडीतून काढून तासभर थांबलं तर झोपेतच उघडते, काही करत नाही. घाई केली की जागी होते, आणि पोट भरेपर्यंत थंडीतही पुन्हा झोपत नाही. मग नळाच्या पाण्याने भागत नाही, जिवंत अंगातलंच लागतं. टाकून दिली तर ज्याला सापडेल त्याला लागते. एकाच्या अंगाशी धरून ठेवली तर बाकीच्यांना लागत नाही. पोट भरलं की गप्प होते. 'आज गप्प आहे. झाकण आवळून ठेवतो. माझं फारसं उरलेलं नाही.'

त्या दिवशी दोन ओळी लिहायला ही वही उघडली असती तर...

मास्तरांच्या खाली मीही लिहिलं. काटा भांडारात आहे. बावन्न. आले तेव्हा अठ्ठावन्न होते.

सोमवार, २४ तारीख

तळघरात जुन्या यंत्रांची खोली आहे, भांडारातला काटा घेऊन इथे येऊन बसलेय. इकडे कुणी फिरकत नाही. काकांना सांगितलं की गॅस गळतोय, मी दुरुस्तीवाल्याची वाट बघतेय, कुणाला आत सोडू नका. ताईला फोन केला की कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी. ती ओरडली. ओरडू दे. ओरडायला आवाज आलाय तिला.

कुपी ब्लाउजच्या आत, छातीशी. बूच आतून ओढ घेतं. कळतं मला.

४९.

मंगळवार, २५ तारीख

ताईचा फोन. पाणी नऊ! डॉक्टरीण बाईंचा विश्वास बसेना. ताई हसत होती आणि रडत होती. बाळाने दोनदा लाथ मारली.

मीही रडले. डोळ्यांतून काही आलं नाही.

४६.

बुधवार, २६ तारीख

४३. पाणी बारा. बारा!

आज पेनातली शाई सुकली. पेन्सिलने लिहितेय. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. भर ना गं बाई. भर एकदाची. मास्तरांना अडतिसात सोडलंस. मी अडतिसापर्यंत थांबेन. थांबायला शिकले बघ.

गुरुवार, २७ तारीख

काट्यापर्यंत जाववलं नाही —

कुपी भरत नाही. मास्तर एकाहत्तर होते. मी मुळात अठ्ठावन्न. हिशेब आधी का नाही केला. त्यांच्यातले तेहतीस गेले. माझ्यातले तेहतीस गेले तर —

पंचवीस. पंचवीस किलोचं माणूस नसतं.

मी संपले आणि ती भरली नाही, तर पुढे जो जवळ असेल —

शुक्रवार, २८ तारीख

ताईचा फोन. उचलला. आवाज फुटला नाही. नुसती खरखर. ती घाबरली. म्हणाली, लॅबला फोन केला होता, तू कुठे आहेस ते काकांनी सांगितलं, निघालेय. नको म्हणायचं होतं. ओठ उघडले, जीभ टाळूला —

काका तिला अडवणार नाहीत. पोटुशी बाई दारात उभी राहिली तर कोण अडवेल.

दाराला कडी नाही. यंत्र ढकलून लावायचा प्रयत्न केला. बोटं हलत नाहीत.

पायऱ्या. ताईच्या चपला. मी कुठेही ओळखेन. भराभर उतरतेय, आठव्या महिन्यात, भराभर —

हे पान फाडून दाराखालून सरकवते. पोचायला हवं. दोन हात लांब आहे दार.

ताई, उघडू नको. बाळ बारावर आहे. बारा. परत जा. वर जा. तासभर थांब, तासाभरात मी —

हँडल हललं. ताई, थांब गं. आयुष्यात एकदा तरी थां