इखोस म्हणजे मुलं

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र ठीक नाही. फोन हातात घेतला, पण तोंड उघडेना, म्हणून लिहितेय.

मी हॉस्पिटलात स्पॅनिशची दुभाषी आहे, हे तू गल्लीभर मिरवतेस. आता नको मिरवूस. गेल्या आठवड्यात एक म्हातारी पेशंट शेवटचं बोलली, की माझ्या ‘इखोस’ना बोलवा. मी नर्सला सांगितलं, मुलग्यांना बोलवा. दोघे मुलगे आले आणि त्यांच्यासमोर ती गेली.

शब्द पुल्लिंगी खरा. पण स्पॅनिशमध्ये घोळक्यात एक जरी पुरुष असला, तरी अख्खा घोळका पुल्लिंगी होतो. इखोस म्हणजे नुसते मुलगे, किंवा मुलगे-मुली सगळेच. हा पहिल्या वर्षाचा धडा. मी तिला उलटून विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

तिला मुलगीही आहे, याच शहरात. आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मायलेकींचा अबोला होता. आईनं फक्त मुलग्यांना बोलावलं, असं भावांनी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती सामान न्यायला आली. आईच्या चपला पिशवीत भरताना मला म्हणाली, की शेवटपर्यंत माफ केलं नाही हो तिनं.

चूक कुणाच्याच ध्यानात आलेली नाही. मला मात्र आरशात बघवत नाही. काय करू?

तुझी,
ठकू

९ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि मशीनवरचं झबलं तसंच राहिलं. तो पेन की ते पेन, यावर तुझे काका आणि मी तीस वर्षं भांडतोय, पण त्यात कुणाचं काही गेलं नाही. इथे गेलंय. चुका सगळ्यांच्याच होतात, असं म्हणून तुला गोंजारणार नाही.

तू गप्प राहिलीस तर ती पोर जन्मभर आईला बोल लावेल, आणि बिचारी आई काही उत्तर द्यायला येणार नाही. आधी तुझ्या साहेबांच्या कानावर घाल, मग तिच्याकडे जा. शिव्या दिल्या तर ऐकून घे. निघताना दोन घास खा, उपाशीपोटी तुला घेरी येते.

माया आहे तशीच आहे.

तुझी,
मावशी

१५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले. साहेबांनी चौकशी होईपर्यंत वॉर्डाचं काम काढून घेतलं आहे. योग्यच केलं.

तिनं मला आत घेतलं नाही. मी दारातच सांगितलं सगळं. नेमका कोणता शब्द होता, ते तिनं दोनदा विचारून घेतलं. मग भिंतीला टेकून म्हणाली, की आई जेवायला हाक मारायची ती आम्हा तिघांना मिळून हीच, ‘इखोस’. नंतर खूप रडली. हात धरावासा वाटला, पण कुठल्या तोंडानं धरणार?

मी माफी मागितली, तर म्हणाली, नाही देणार. आईवर रागावून जगणं जड जात होतं. तुमच्यावरचा राग मला झेपेल.

आणि दार लावून घेतलं.

तुझ्या मायेला पात्र आहे की नाही, ठाऊक नाही, पण ती असू दे.

तुझी,
ठकू