आत्याच्या खात्रीचं चॉकलेट

३ फेब्रुवारी

जळलं! अख्खा घाणा जळला. आत्या 'उतरव, उतरव' म्हणून ओरडत होती आणि मी शहाणी घड्याळाकडे बघत बसले. औषधांच्या दुकानात हाडं झिजवली की ही खोड लागते. सगळं मिनिटांत आणि ग्रॅममध्ये. आत्याचं तसं नाही. ती कढईकडे पाठ करून बसते. कोकोच्या बिया तडतडायच्या थांबल्या की म्हणते, 'उतरव.' संपलं.

घरभर धूर. हे खोकत खोकत मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, 'चला, डास तरी मेले.' मला हसायला येईना.

चांगली चालती नोकरी सोडून मी झक मारली. आज तरी तसंच वाटतंय.

५ फेब्रुवारी

अंग मोडून आलंय. आज दोघींनी मिळून पाट्यावर वाटलं. पाटा खालून तापवायचा, भाजलेल्या बिया वाटत राहायच्या. त्यांचं त्यांनाच तेल सुटतं आणि काळा चिखल होतो. साखर अगदी शेवटी, म्हणजे ती विरघळत नाही, दाताखाली करकर लागते. आजोबांचं चॉकलेट असंच होतं. रवाळ, कडसर, तपकिरी कागदात गुंडाळलेलं. आजही नाव काढलं की साठीपुढची माणसं डोळे मिटून 'अहाहा' करतात!

आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची. अण्णांना — माझ्या वडिलांना — या धंद्यात काडीचा रस नव्हता. कारखान्याला कुलूप लागलं. तिथे राबलेलं एकच माणूस आता उरलंय, आजोबांची मुलगी, माझी आत्या. शाळा सोडवून आजोबांनी तिला पाट्यापाशी बसवलं ती तिशी उलटेपर्यंत तिथेच. ती आहे तोवर मला हे उभं करायचंय. ती गेली की ती चवही गेली! हे मी सगळ्यांना सांगत फिरते. तिच्या तोंडावरसुद्धा. जिभेला हाड नाही माझ्या.

१० फेब्रुवारी

जमलं!! न जळता, न फाटता, चकचकीत वड्या!

मी पहिला तुकडा आत्याला दिला. 'आत्या, हीच ना ती चव?' तिने तुकडा मोडला. खट्ट आवाज आला पाहिजे म्हणे. आला. मग हुंगला, बोटांत चोळून पाहिला. 'हो, हेच.'

'अगं, खा तरी!'

'दाढ ठणकतेय. घरी जाऊन चघळीन सावकाश.' स्वेटरच्या खिशात टाकला आणि निघाली.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ह्यांना म्हटलं, बघा, आत्या पास म्हणाली!

१७ फेब्रुवारी

मोठ्या रस्त्यावरच्या दुकानदाराने होकार दिला. गल्ल्याशेजारच्या फळीवर ठेवतो म्हणाला! पण म्हणे, 'ताई, नुसतं चॉकलेट लोक कुठेही घेतात. ती जुनी चव असेल तरच माझ्या फळीवर राहील. म्हातारी मंडळी काय म्हणतात ते बघू.' मी छातीठोकपणे सांगितलं, 'आमची आत्या प्रत्येक घाणा चाखून पास करते.' तो म्हणाला, 'मग तेच छापा की वर.'

छापायला टाकलं. 'जुनी चव. आत्यांनी चाखून पसंत केलेली.'

१९ फेब्रुवारी

आत्याला लेबल दाखवलं. वाचून म्हणाली, 'माझं नाव कशाला घातलंस, चिमणे? काढता येईल का?' पन्नाशी उलटली तरी तिच्यासाठी मी चिमणीच. लाजतेय वेडी! 'आता छापून झालंय,' म्हटलं.

२ मार्च

निवृत्त हेडमास्तर घरी आले होते. लहानपणी खाऊचे सगळे पैसे आजोबांकडे घालवलेला माणूस. खुर्चीत टेकले, वडी तोंडात ठेवली, डोळे मिटले. डोळे उघडून म्हणाले, 'वाईट नाही हो. पण हे ते नव्हे.'

'जीभ वयानं बदलते, सर,' मी म्हटलं. मनात म्हटलं, शिष्ट मेला!

पण पोस्टातल्या बाईही परवा असंच काहीतरी पुटपुटल्या. आणि खरं सांगायचं तर — इथे कोण वाचतंय! — मलाही पहिल्या दिवसापासून काहीतरी हुकल्यासारखं वाटतंय. पण मी कोण? सात वर्षांच्या पोरीची ती जीभ. आत्या हो म्हणते ना, मग झालं.

६ मार्च

दुकानदाराने खोकं परत पाठवलं. 'लोक म्हणतात, नाव जुनं आणि माल नवा. माझी गिऱ्हाइकं मला खोटारडा म्हणायला लागलीत, ताई.' फळीवर आता च्युइंगम ठेवलंय.

घरी आले तर आत्या बिया पाखडत बसलेली. माझा तोल गेला. काय काय बोलले! 'नव्हतं जमलं तर नाही म्हणायचं होतंस! हो हो कशाला करत राहिलीस? जन्मभर चॉकलेट खाल्लंस आणि साधी चव सांगता येत नाही तुला?'

तिने सूप खाली ठेवलं. हात पुसले. चपला घातल्या.

७ मार्च

आत्या आली नाही.

११ मार्च

अजून नाही. फोन उचलत नाही. हे म्हणाले, 'लोकांची तोंडं गोड करायला निघालीस आणि घरात कडू बोललीस.' एरवी मी त्यांना सोडलं नसतं. आज मुकाट्याने ऐकून घेतलं. खरंच आहे. धंदा बुडाला तर दुसरी नोकरी बघेन. दुसरी आत्या कुठून आणू?

१३ मार्च

गेले एकदाची. पलीकडच्या गल्लीत, जिना चढून, एका खोलीचं घर तिचं. दार उघडलं तिने. 'ये,' म्हणाली, जणू काही झालंच नाही. चहा ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणे, 'बिस्किटं काढ, त्या डब्यात आहेत.'

मी चुकीचा डबा उघडला. आत आमचं चॉकलेट. पहिल्या घाण्यापासूनचे सगळे तुकडे, पेपर नॅपकिनमध्ये नीट गुंडाळलेले. एकालाही दात लागलेला नाही.

'हे काय गं आत्या?'

दूध वर आलं, तिने गॅस बारीक केला. मग बोलली. तुटक तुटक. जमेल तसं उतरवतेय.

'मी कधी खाल्लंच नाही, चिमणे. विकायचा माल तो. बाबा संध्याकाळी दारात उभे राहायचे आणि बाहेर सोडायच्या आधी आमची तोंडं हुंगायचे. माझं, कामाच्या बायकांचं. वास आला तर कानाखाली. मोठी झाल्यावर हुंगत नव्हते. गरजच उरली नव्हती.'

'पण आता? आता कोण हुंगणार होतं तुला?'

'हात जात नाही गं तोंडापर्यंत. घेते, आणि मध्येच थांबतो.'

'मग हो का म्हणालीस?'

'तू किती आशेने बघायचीस! भाजणं बरोबर होतं, वाटणं बरोबर होतं, वास तोच. म्हटलं, चवही तीच असणार. मला काय माहीत?'

मला रडू फुटलं. तिने मला बिस्किट दिलं. मला!

१४ मार्च

डोक्यातून जात नाही.

मी सगळ्यांना कौतुकाने सांगत आले — रविवारी आजोबा मला मांडीवर घ्यायचे, 'आ कर' म्हणायचे आणि जिभेवर तुकडा ठेवायचे. माझी आजोबांची सगळ्यात गोड आठवण. दुकानदारालाही सांगितली. मांडी कुठे होती? कारखान्यात. समोर कोण होतं? आत्या. पाट्यावर वाकलेली, घामाने निथळणारी. मी तोंड माखून तिच्याकडे बघून हसायचे. तीही हसायची.

म्हणजे तो तुकडा तिच्या हातचा आणि चव मला माहीत. तिला नाही.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की विचारावं, आत्या, तुला आवडायचं का गं? 'हीच ना ती चव' हे मात्र शंभरदा विचारलं. आणि त्या दिवशी वर तिलाच म्हणाले, जन्मभर खाल्लंस! जीभ झडली का नाही माझी!

१६ मार्च

उरलेली लेबलं फाडली. हळूहळू, एकेक. ह्यांनी विचारलं, 'बंद करतेस?' म्हटलं, 'माहीत नाही.' खरंच माहीत नाही. जी चव परत आणायला निघाले ती आजोबांची. आणि तिची किंमत कोणी दिली ते आता कळलं. पाटा विकावा का? कोण घेणार! बियांची दोन पोती पडून आहेत. खोलीत गेलं की तो वास येतो आणि मला जागच्या जागी मेल्यासारखं होतं.

आत्याला फोन केला. उचलला. हवापाण्याचं बोललो. 'जेवलीस का' विचारलं तिने. चॉकलेटचा विषय दोघींनीही काढला नाही.

२० मार्च

आज सकाळी आत्या आली. न बोलावता. सरळ मागच्या खोलीत गेली, फळीवरची एक वडी उचलली, माझ्याकडे पाठ केली. मग चघळल्याचा आवाज. बराच वेळ. मी काही विचारलं नाही. जीभ दाताखाली धरून उभी राहिले.

वळली. ओठांना काळं लागलेलं.

'मला नाही आवडलं,' म्हणाली.

मग म्हणाली, 'फार कडू आहे. साखर आण.'

आणली.