दातखिळी नावाचं जहाज

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढी गोड मानून घे.

फोनच केला असता. पण गेल्या वेळी मी इकडून ओरडत होतो आणि तू तिकडून, ओरडू नकोस म्हणून ओरडत होतीस. शेजाऱ्यांना वाटलं आपली वाटणी चालली आहे. त्यापेक्षा पत्र बरं.

लग्नाला चार महिने झाले. पन्नाशीत बोहल्यावर चढलो म्हणून तू हसलीस, पण संसार मार्गी लागला आहे. तुझी भावजय सकाळी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर जाते, मी मागच्या खोलीत त्याच दवाखान्याच्या कवळ्या करतो. घरात कुरबूर नाही. अडचण एकच, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

तिची लेक. नऊ वर्षांची, हुशार, स्वतःचं ताट स्वतः धुणारी. ती मला कशानेच हाक मारत नाही. मीठ हवं असलं तर आईला म्हणते की त्यांच्याकडचं मीठ दे. मी मीठ हातात धरून समोरच बसलेला असतो! मला बाबा म्हणावं असा माझा हट्ट नाही, ताई. ते नाव दुसऱ्या माणसाचं आहे, आणि तो माणूस तीन वर्षांपूर्वी गेला तरी नाव त्याचंच आहे. पण काहीतरी हाक हवी. घरात कुणी हाकच मारत नसेल तर माणसाचं कपाट होतं.

पण गेल्या रविवारी ती आपणहून माझ्या कामाच्या खोलीत आली. टेबलावर कवळ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बराच वेळ पाहून तिने विचारलं (मला नव्हे, खोलीला) की समुद्री चाचे कवळी लावायचे का. मीही खोलीलाच उत्तर दिलं की जहाजावरची दगडासारखी बिस्किटं खाऊन त्यांचे दात तिशीतच पडत असणार, पण भर समुद्रात कवळी करून देणार कोण? ती निघून गेली. मला वाटलं, घाबरवलं पोरीला. तेवढ्यात एक मोठा निळा डबा फरफटत घेऊन आली. आत जोडायचे रंगीबेरंगी ठोकळे, गळ्यापर्यंत भरलेले.

आता आम्ही चाच्यांचं जहाज बांधतो आहोत. खोक्यावरच्या चित्रातलं नव्हे, कप्तानांच्या डोक्यातलं. कप्तान म्हणजे ती. मी हमाल. ठोकळे रंगाप्रमाणे वेगळे करणं एवढंच काम सध्या माझ्याकडे आहे.

शिडांसाठी काळं कापड लागेल. मापं सोबत. तुझ्या पडद्यांच्या दुकानातली एखादी चिंधी चालेल.

माया आहेच, ती या महिन्यात जरा जास्त पाठव.
तुझा,
धाकट्या

---

ता. ११ एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, कंबरेसाठी एक जादा.

चिंधी? माझ्या दुकानातून चिंधी जात नाही. तीन शिडं पाठवते आहे, चांगल्या पडद्याच्या कापडाची, काठाला दुहेरी शिलाई, वर काठी ओवायला नेफा. तुझी मापं पाहून वाटलं तू शिडं नाही, जबडा मोजला आहेस. कुणी पाव मिलिमीटरचं शीड शिवतं का? मी माझ्या अंदाजाने शिवलं आहे आणि ते बसेल.

पोरीच्या हाकेची घाई करू नकोस. चार महिने म्हणजे काय! आपल्या आत्याच्या मांजरीने मला सहा वर्षं ओळख दिली नव्हती. आणि पोरीला मला काय म्हणायचं असा प्रश्न पडला तर ‘शिवणाऱ्या बाई’ म्हणू दे, मला चालतं.

फक्त एक सांगते. तुझा तो नीटनेटकेपणा आवर. माझी हात हलवणारी बाहुली तू ‘पक्की’ करून दिली होतीस ते मी विसरलेले नाही. तिचे दोन्ही हात जे वर राहिले ते राहिले. पुढची दोन वर्षं ती पोलिसांना शरण आल्यासारखी कपाटावर उभी होती. अति तिथं माती, हे तुला मी तेव्हाही सांगितलं होतं.

जेवण वेळेवर कर. भावजयीला माझी आठवण सांग.
तुझी,
ताई

---

ता. २५ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. आज कंबर बरी आहे, आठही अंगं हजर.

शिडं चपखल बसली. कप्तानांनी प्रत्येक टाका नखाने खरवडून तपासला आणि आईकरवी मला निरोप दिला की शिवणाऱ्या बाईंना कळवा, काम पसंत आहे. माझी हमालावरून खलाशी म्हणून बढती झाली आहे. हाक अजून नाहीच, पण काल दोनदा तिने नुसतं माझ्याकडे बघून हुकूम सोडले, मध्ये आई नव्हती. एवढ्यावर मी दिवसभर शीळ घालत होतो.

जहाज पाहायला तरी ये. दोन हातांच्या कवेत जेमतेम मावतं. तोफा आहेत, कैदखाना आहे, कैद्यांना पाण्यात ढकलायची फळी आहे. कप्तानांच्या खोलीत आंघोळीचा टब आहे, कारण चाच्यांना लोक उगाच घाणेरडे समजतात असं त्यांचं मत पडलं. पुढच्या टोकावर लावायची कवटी मी स्वतः कवळीच्या दातांच्या मालातून घडवली. वरचे-खालचे दात असे मिटतात की बघत राहावं. कप्तान म्हणाल्या, कवटी फार निरोगी दिसते, हिला कोण घाबरणार? म्हणून मी पुढचा एक दात काढला. तेव्हा ती हसली, ताई. माझ्यासमोर पहिल्यांदा, खळखळून.

एकच गोष्ट खुपते. जहाज हलतं. मधली डोलकाठी तर बोट लावलं की लटपटते. मी तसं म्हटलं तर उत्तर मिळालं की डोलकाठी आहे तर डोलणारच. पण माझ्या हातून गेलेली कवळी वीस वर्षं जागची हलत नाही, आणि माझ्या घरातलं जहाज असं खिळखिळं?

मायलेकी उद्या चार दिवसांसाठी पोरीच्या आजीकडे जाताहेत. तडकलेली कवळी सांधायचं माझ्याकडे एक औषध असतं, एक थेंब पुरतो. त्या परत येईपर्यंत असं जहाज करून ठेवतो की छतावरून पडलं तरी शाबूत! कप्तान खूश होतील. कदाचित काही म्हणतीलही.

तुझ्या मायेचा कर्जदार,
धाकट्या

---

ता. २८ एप्रिल
(कार्ड)

धाकट्या, पत्र आत्ता मिळालं. आशीर्वाद नंतर. काही चिकटवू नकोस. हात खिशात घाल आणि बस.
ताई

---

ता. २ मे

ती. ताईस,
नमस्कार कोणत्या तोंडाने करू?

तुझं कार्ड काल आलं. मायलेकी परवाच आल्या.

कप्तान दारातून थेट जहाजाकडे गेल्या. मी मागे हात बांधून उभा, शाबासकीची वाट बघत. तिने डोलकाठीला टिचकी मारली. काठी हलली नाही. पुन्हा मारली. मग तोफ ओढून पाहिली, फळी ओढून पाहिली, टब ओढून पाहिला. मग ते अख्खं धूड उचललं, आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आदळलं नाही. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग तुझ्या भावजयीने मला सांगितलं, जे मी आधी विचारायला हवं होतं. तो निळा डबा पोरीच्या बाबांनी आणलेला. बापलेक जहाज बांधायचे आणि बांधून झालं की वादळ आणायचे. चादर हलवून, फुंकर मारून जहाज फोडायचे, ठोकळे डब्यात जायचे आणि पुढच्या रविवारी दुसरं जहाज. तो गेल्यापासून तिने डबा उघडलाच नव्हता. माझ्या खोलीत आणला तो पहिल्यांदा. आणि मी काय केलं? वादळ यायची सोयच बंद करून ठेवली.

आता मी पुन्हा ‘ते’ झालो आहे. सकाळी माझ्यासमोर तिने आईला सांगितलं की त्यांचा चहा निवतोय. नवा, याहून मोठा डबा आणावा का? तुला काय वाटतं? मला काहीच सुचत नाही. कालपासून एकही कवळी धड झालेली नाही.

जो काही लोभ शिल्लक असेल तो ठेव.
धाकट्या

---

ता. ६ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. कान धरून दिले आहेत असं समज.

पत्र वाचताना मला त्या बाहुलीची आठवण आली आणि तुझा राग आला, आणि मग तुझी दयाही आली. ठोकळे पक्के करायचे असते तर त्यांना वरती बटणं आणि खाली भोकं कशाला ठेवली असती, एवढं साधं तुला कळू नये? दात दुसऱ्यांचे करता करता अक्कलदाढ यायची राहिली तुझी.

नवा डबा अजिबात आणू नकोस. आणलास तर मी बोलणार नाही. तिला ठोकळे नकोत, तिला हेच ठोकळे हवेत. तिच्यासमोर उभा राहा आणि चुकलो म्हण. आईमार्फत नाही. कारणं सांगू नकोस. मग हाताने केलंस ते हाताने निस्तर, पण तिला विचारून. ती नको म्हणाली तर नको.

आणि पोटात काही जाऊ दे. उपाशी माणसाचा हात थरथरतो.
तुझी, रागावलेली आणि नसलेली,
ताई

---

ता. २० मे

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार, आणि या वेळी मनापासून.

तू सांगितलंस तसंच केलं. जेवायच्या टेबलाशी उभा राहून म्हटलं की मी चुकलो, न विचारता चिकटवलं. ती ताटातच बघत होती. मग आईला म्हणाली, त्यांना विचार, निघेल का. मी थेट तिलाच सांगितलं की बरंचसं निघेल, काही ठोकळे फुटतील, खोटं बोलणार नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली की मग ती शेजारी बसून लक्ष ठेवणार.

तेव्हापासून दवाखान्याचं काम संपलं की आमचं हेच. कोमट पाणी, पातळ पातं आणि दातातली कीड कोरायची सगळ्यात बारीक सुई. कप्तान माझं भिंग डोळ्याला लावून समोर. जरा जोर लावला की खाकरतात. एवढी कडक देखरेख मला शिकवणाऱ्या उस्तादांनीही ठेवली नव्हती.

तरी मूठभर ठोकळे फुटलेच. पहिला फुटला तेव्हा ती उठून गेली. मी आतल्या आत मेलो. थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली, पुढचा. मी ठरवलं, फुटलेल्यांच्या जागी स्वतः घडवायचे. साचे घेतले, माल ओतला. कवळीचा चावा जुळतो का ते बघायला निळा कागद असतो, तो मध्ये धरून एकेक ठोकळा घासून बसवला. बसतो घट्ट, निघतो एका झटक्यात. हे मला जमतं, ताई, जगात हेच एक जमतं.

फक्त एक भानगड झाली. ओतायचा माल माझ्याकडे असतो तो हिरड्यांच्या रंगाचा! ठोकळे निघाले ते गुलाबी, ओलसर दिसणारे, बारीक लाल शिरांसकट. कप्तानांनी एक हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. दवाखान्याला हाच रंग लागतो असं मी सांगणार तेवढ्यात त्या हसत सुटल्या. गुलाबी ठोकळे सगळे पुढच्या टोकाला लावायचे ठरलं, मध्ये कवटीचे दात. आता जहाजाला तोंड आहे, हिरड्यांसकट. दिसताक्षणी शत्रूची बोलती बंद व्हावी म्हणून कप्तानांनी जहाजाचं नाव ठेवलं ‘दातखिळी’.

दवाखान्यातून फोन आला होता. कुणा आजोबांच्या कवळीच्या डबीत एक छोटी तोफ निघाली. आजोबा ती परत द्यायला तयार नाहीत.

येत्या रविवारी वादळ आहे. मला बोलावणं आहे. हाक अजून नाही, आणि खरं सांगू? मी वाट बघणं सोडलं आहे. बोलावणं पुरे.

तुझा ऋणी,
धाकट्या

---

ता. २६ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (हे आईने सांगितलं. मी अर्थ विचारला तर ती म्हणाली, पुढे लिही.)

काल वादळ झालं. आईने चादर हलवली. उपकप्तानांनी टेबलपंखा आणला होता. मी पाणी पण मारणार होते पण आई नाही म्हणाली. आधी डोलकाठी पडली, मग तोफा, मग सगळंच. कवटीचा एक दात उडाला तो आईच्या चपलेत सापडला. उपकप्तान खूप हसले आणि मग डोळे पुसत होते. मी विचारलं तर म्हणाले पंख्याचं वारं लागलं. पंख्याचं तोंड आईकडे होतं.

डबा माझ्या बाबांचा आहे. गुलाबी ठोकळे त्यात टाकायचे की वेगळ्या पिशवीत ठेवायचे याचा मी रात्री झोपेपर्यंत विचार केला. आज सकाळी डब्यात टाकले आणि डबा हलवला. आता ते त्यातलेच आहेत.

पुढचं जहाज मोठं आहे. त्याला पाच शिडं लागतील. मापं उपकप्तानांना काढू दिलेली नाहीत, मी काढली आहेत. एक शीड लाल चालेल का?

तुम्ही बघायला या. तुम्हाला ऐकू येत नाही असं कळलं, मी मोठ्याने बोलीन.

तुमची,
कप्तान

---

ता. ३१ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

सोबत पोरीचं पत्र पाठवते आहे. वाचून परत कर, ते माझं आहे. तिने मला वर काय लिहिलं आहे ते नीट बघ. शिवणाऱ्या बाई नाही लिहिलेलं. मी मशीन बंद करून ते पत्र दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं आणि एकीच्या पडद्यावर रडले. पडदा धुवून द्यावा लागला.

आत्या कुणाच्या बहिणीला म्हणतात हे तुला मी सांगायला नको. पण तिला तू यातलं काही विचारायचं नाहीस. तुझ्या तोंडावर ती तुला काय म्हणेल, कधी म्हणेल, ते तिचं तिला ठरवू दे. उद्या उपकप्तान म्हणेल, परवा पुन्हा ‘ते’ म्हणेल, कधी चिडली तर हमालही म्हणेल. तो शब्द तिने ठेवला आहे तिथे नुसता राहू दे.

चिकटवायला जाऊ नकोस.

लाल शीड मी घेऊन येते आहे. दार उघडं ठेव.
तुझी ताई आणि तिची आत्या