अक्काचा चहा आणि माझा डबा

मारुंजी,
रविवार

चि. कैलास यास जनार्दनदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी, सौ. रजनीची आणि मुलांची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो, कारण घराण्यात कुणाची तरी उत्तम असायला हवी. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. हे पत्र घरी न पाठवता मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. तू फोन कायम स्पीकरवर टाकून बोलतोस आणि आपली आशालता अक्का शेजारच्या ओसरीवर बसून सगळं ऐकते, म्हणून या वयात पेन शोधावं लागलं.

अक्काने मला पाठवलेला तो डबा तुला माहीत आहेच (कुरियरला तूच टाकलास, तेव्हा निम्मं पाप तुझं). अँटिऑक्सिडंटच्या नारिंगी कॅप्सूल, एकेक बोराएवढी. गेल्या वर्षी दाजी बसल्या जागी गेले, तेव्हापासून अक्काच्या मनाने घेतलंय की आता नंबर माझा. त्यात कीर्तनाच्या मंडपाबाहेर टेबल मांडून बसलेल्या कुणा भल्या माणसाने तिला पटवलं की माणूस म्हातारा होत नाही, आतून गंजतो, आणि या कॅप्सूलने गंज थांबतो. इथवर ठीक होतं. पण आपल्या घरच्या बायका नुसतं औषध पाठवून थांबत नाहीत, त्या सोबत काहीतरी सोडतात. अक्काने देवापुढे उभं राहून सांगितलं की जनाचा डबा रिकामा होईपर्यंत मी चहाला शिवणार नाही.

तुला आईचा गूळ आठवत असेल. मी खात्याची परीक्षा पास होईपर्यंत तिने गूळ सोडला होता, आणि मी ती परीक्षा कधीच पास झालो नाही हे जगजाहीर आहे. संक्रांतीला ती सगळ्यांना तिळगूळ वाटायची आणि स्वतः नुसते तीळ चघळत बसायची. कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एका बाईचा गूळ डोक्यावर घेऊन मी निवृत्त झालो, आता दुसरीचा चहा येऊन बसलाय. आणि अक्काचा चहा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दाजी होते तेव्हा दोघं उजाडायच्या आत अंगणात चहा घेत बसायची. ते गेले तरी ती दोन कप मांडायची, हे तूच मला सांगितलंस. तेवढं एकच सुख बाईला उरलं होतं, तेही तिने माझ्यापायी सोडलं, आणि आता कपाळाला फडकं बांधून पडून असते.

मग गिळून टाक की दादा, असं तू म्हणशील. पण गणपतीत माझ्या छातीची जी धडधड झाली आणि त्यावर रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, ते तुला ठाऊक आहे आणि अक्काला नाही. (दाजींच्या पाठोपाठ हे तिला सांगायचं नाही, असं आपण दोघांनीच ठरवलं. आपण दोघं मिळून जे ठरवतो त्याचं पुढे काय होतं, यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) डॉक्टरांनी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि मान हलवली. यात ई जीवनसत्त्व फार आहे, तुमच्या गोळीबरोबर घेतलंत तर रक्त वाहायला लागेल, त्यापेक्षा भाजी-फळं खा, असं म्हणाले. एवढं स्पष्ट बोलणारा डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा भेटला, तोही चुकीच्या वेळी.

आता कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी घरात विचारलं. पियूषने लॅपटॉप उघडून जगभरचं संशोधन काढलं आणि रात्रीच्या जेवणात ते सगळं आम्हाला ऐकवलं. सार असं, की फायदा म्हणावा तसा सिद्ध नाही, काही लोकांना तोटा आहे, आणि डिसिजन बाबांचा. जुईली, म्हणजे आमची सूनबाई, ती डब्याकडे बघतही नाही. तिने मला जांभळा कोबी आणून दिला. तो मी आठवडाभर खातोय आणि आता मला कोबीसुद्धा माझ्याकडे दयेने बघतो असं वाटतं. सोसायटीचे विठ्ठलराव रोज मूठभर असल्या कॅप्सूल घेतात आणि मलाही घ्या म्हणतात, पण त्यांच्याकडे पाहून गंज थांबल्याचं काही दिसत नाही. तुझी वहिनी तेवढी म्हणाली, अक्कांना खरं सांगून मोकळे व्हा. पण सोपं काही सांगितलं की मला ते पटत नाही, हा माझा स्वभाव. रोज सकाळी मी कॅप्सूल तळहातावर घेऊन उभा राहायचो. घेतली तर मी जातो, नाही घेतली तर अक्काचा चहा जातो. मग अक्काचा फोन यायचा, ती एवढंच विचारायची, "घेतली का?" आणि मी खोकायचो.

डबा फेकून देता आला असता. पण देवापुढे बोललेल्या गोष्टीत लबाडी करायची माझी छाती नाही (मुळात छातीचाच प्रश्न आहे). शेवटी डबा पिशवीत घालून निघालो, म्हटलं औषधाच्या दुकानात निदान परत घेतात का विचारू. वाटेत सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर बायजाबाई शेळ्या चारत होत्या. मूळच्या त्या माले गावाकडच्या. तिकडे रान विकलं गेलं म्हणून इकडे भावाकडे आल्यात. मी दगडावर बसलो आणि त्यांना सगळी हकिगत सांगितली. हल्ली मी कुणालाही सांगतो. त्या म्हणाल्या, दाखवा तरी. मी झाकण काढून डबा दगडावर ठेवला.

"आन् ह्यानं मानूस गंजत न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

मी ऑक्सिडेशन म्हणजे काय ते समजावून सांगायला घेतलं. समजावण्यात मी रंगलो (हे माझं नोकरीतही नडलं), आणि वळून बघतो तर एका काळ्या शेळीचं तोंड डब्यात आणि बाकीच्यांची तोंडं खाली सांडलेल्यावर. आम्ही ओरडेपर्यंत कॅप्सूल संपल्या होत्या आणि शेळी लेबल सोलून खात होती.

"तिला काय झालं तर मी तुमाला सोडायची न्हाई," बायजाबाई म्हणाल्या. "लई गुनाची शेळी हाय ती."

त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ शेळीच्या तब्येतीची चौकशी करायला जातो. जनावरांच्या डॉक्टरलाही माझ्या खर्चाने दाखवून आणलं. शेळी ठणठणीत आहे. उलट तिला माझा लळा लागलाय. ती माझ्या मागून सोसायटीच्या फाटकापर्यंत येते आणि वॉचमन मला विचारतो की अंकल, ये आपकी है क्या. पियूषने हे सगळं नोंदवून ठेवायला सांगितलंय.

तर कैलास, मुद्दा असा की डबा रिकामा झाला. हे शंभर टक्के खरं आहे. तू अक्काला एवढंच सांग, दादाचा डबा संपला, चहा टाक. कुणी संपवला ते सांगायची गरज नाही, आणि विचारलंच तर तुला माझ्यापेक्षा चांगलं खोकता येतं. वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा हताश,
जनार्दनदादा

ता. क. हे पत्र तुझ्या वहिनीने वाचलं. धाकट्या दिराला देवापुढच्या गोष्टीत खोटं बोलायला लावता, याहून शेळी बरी, असं म्हणाली आणि स्वतःच अक्काला फोन लावून माझ्या हातात दिला. धडधड, गोळी, डॉक्टर, शेळी, सगळं एका दमात सांगून टाकलं. अक्का रडली. मग म्हणाली, "जना, आधी सांगितलं असतंस तर मी चहा नसता सोडला. चहा गंजासाठी होता. काळजासाठी मोठं काहीतरी सोडलं असतं." मी म्हटलं, अक्का, काही सोडू नकोस, तू आपला चहा घे. तिने फोन ठेवला.

ता. क. २. आता पुन्हा तिचा फोन आला. आवाज चांगला होता, चहा झाला होता. मी कशी आहेस विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या छातीसाठी सोडलंय मी. पण या वेळी काय सोडलं ते कुणाला सांगणार नाही, नाहीतर तुम्ही शेळी आणता." तेव्हा वरचं सगळं विसर. तू फक्त दोन्ही वेळा तिच्याकडे जेवायला जाऊन बस, आणि तिच्या ताटात काय वाढलेलं नसतं ते मला कळव.