शेवटचा उभा फड

दादा,

आल्या आल्या एकटा उसाच्या फडाकडं जाऊ नको. मोटारसायकलवरच ये, हेडलाईट लावून, हॉर्न वाजवत. मी आबांना आणायला गेलेय.

काल ड्रॅगनचा पिक्चर बघून तू पोट धरून हसलास. "ह्या घोरपडीला भिऊन तू उजेडातच पुस्तक वाचत होतीस व्हय?" पिक्चरवाल्यांनी माती केली हे खरंय. पहिल्याच सीनला अख्खा ड्रॅगन दाखवला, मग भ्या कशाचं वाटणार? पुस्तकात तो अर्ध्यापर्यंत दिसतच न्हाई. नुसती पाखरं गप होतात आन् कुत्री दार सोडत न्हाईत.

आज आपला टिप्या फडापर्यंत गेलाच न्हाई. शेपूट घालून माघारी आला आन् कॉटखाली बसलाय. बांधावर बगळेबी न्हाईत.

आबा म्हणाले, "समद्या शिवारातली तोड झाली, आता बिबट्या कुठला?" लाईट आली तसे फडाकडच्या विहिरीवर मोटार चालू करायला गेले. मलाबी तवा पटलं. मागनं ध्यानात आलं, सगळ्यांचा ऊस कारखान्याला गेला, उभा हाय तो आपलाच फड. मग त्यानं बसायचं कुठं?

हाका मारून उपयोग न्हाई, आबांना लांबनं ऐकू येत न्हाई. ताट आन् पळी घेतलीय, वाजवत जाते.

आई डेअरीवरनं आली आन् विचारलं तर सांग, मोनाली पिक्चरची सीडी परत द्यायला गेलीय. सीडी टीव्हीवरच हाय. ती आधी लपव.