छबुबाईंचं उणे चार टन सोयाबीन

केज

चि. मनिषा हीस आश्रुबामामाचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल आहेत. खुर्चीत बसून तुझी पाठ धरायची, ती आता कशी आहे?

एक ओळ खाली सरकवायला मला काय पडलं ते आधी सांगतो: सव्वा तास अडलेला वजनकाटा, हमरस्त्यापर्यंत सतरा गाड्यांची रांग, नऊ कप चहा आणि छबुबाईंच्या शिव्या (मोजल्या नाहीत, ऐकल्या मात्र सगळ्या).

मी पंचवीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या, हे तू जाणतेस. पत्रिकेत चुलते, मामा, स्वागतोत्सुक सगळे एका जागी बसवायचे. पंगतीत वाढायला कोण उतरणार, हे कुणी विचारत नाही. तीच शिस्त मी बंकटरावांच्या मांजरसुंब्याच्या काट्यावरच्या प्रोग्रामला लावली. आकडे ठेवायची चाळीसच्या चाळीस नावं (तुमची व्हेरिएबल) उचलून माथ्यावर नेली. लई देखणं दिसत होतं.

परवा एक डंपर वजन करून गेला. मागून छबुबाईंचा सोयाबीनचा टेम्पो आला. त्याचं रिकामं वजन टाकायला बंकटराव विसरले. प्रोग्रामनं थांबून विचारायचं, तर त्यानं चिठ्ठी छापली: माल, उणे चार टन. (म्हणजे बाईंनीच घरून आणून भरायचं.) बाईंनी ड्रायव्हरकडून चावी घेतली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "आधी माझं सोयाबीन दाखवा, मग गाडी हालंल."

बंकटराव मला म्हणाले, "आश्रुबा, आज न्हाई जमलं तर तुमचं मशीन घेऊन जावा. मी आपली वही काढतो." काट्याचं माझं हे पहिलंच काम, आणि पत्रिका तर आता लोक मोबाइलवर धाडतात.

वाचत बसलो. नाव माथ्यावर, वापर दोनशे ओळी खाली. कोण कशासाठी आहे, पत्ता लागेना. तेवढ्यात बाईंचा ड्रायव्हर सटवा टपरीवर कुणाला तरी म्हणाला, "आपल्याला त्या डंपरचंच रिकामं वजन लावलं का काय बे?" (कान माझे पहिल्यापासून तिखट.) तसंच झालं होतं. माथ्यावरचं नाव सकाळी एकदा जन्मलं, आणि डंपरनं त्यात ठेवलेला आकडा तसाच पडून राहिला. ते नाव जाहीर करायची ओळ मी प्रत्येक गाडीचा हिशेब सुरू होतो तिथं उतरवली. आता गाडीगणिक कोरा खण. आकडा नसला की प्रोग्राम विचारतो. चिठ्ठी निघाली: वीस क्विंटल दहा किलो. बाईंनी दोनदा वाचली. "हां, आता माझं हाय." टेम्पो उतरला, माझाही जीव खाली आला.

तर नाव लागतं तिथंच जाहीर करावं, हा माझा शोध. तुझ्या हापिसात खुशाल सांग.

तुझा,
आश्रुबामामा

ता.क. बाकीची एकोणचाळीस नावं कुठून उचलली होती ते आठवेना. दिवाळीत तू लिहून दिलेली मूळ फाइल परत पाठव. बंकटरावांना सांगू नको.

ता.क. २. त्या फाइलीत ती रिकाम्या वजनाची ओळ जागेवरच होती, एवढं मात्र आठवतं.