अस्तरातला खिसा

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे बटणांचा साधा फोन होता. गिऱ्हाईक विचारायचं, 'ब्लाऊज झाला का?' आणि मी सांगायची, 'फक्त हूक राहिलेत.' खरं तर कापड अजून कापलेलंही नसायचं. ही थाप मी तुमच्याकडूनच शिकले, तेव्हा त्याबद्दल रागावू नका. रागावण्यासारखं पुढे आहे. आज दुपारपासून सोनपेठात लाईट नाही, कामाच्या दोन्ही पोरी मशिनी झाकून घरी गेल्या आहेत, आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे. मला जे सांगायचंय त्यासाठी आधी तुम्हाला हा नवा फोन समजावून सांगावा लागेल, आणि तो तर मलाही अजून नीट समजलेला नाही.

पण त्याआधी तो एक दिवस. मला तुमच्या शिवणक्लासला येऊन महिनाही झालेला नाही. एसटी स्टँडमागच्या तुमच्या पत्र्याच्या खोलीत एक नवी नवरी माप द्यायला उभी आहे. टेप माझ्या हातात आहे, तुम्ही आकडे लिहून घ्यायला बसल्या आहात, आणि मी आपली हुशारीनं ओरडते, 'छाती अडतीस!' बाहेर बाकड्यावर तिचा दीर बसलेला. नवरीनं मान खाली घातली. तुम्ही उठलात, माझ्या हातातला टेप काढून घेतलात आणि मला दंडाला धरून दारात उभं केलंत. 'आता तुझं माप घेते, आन् पार स्टँडवर ऐकू जाईल असं सांगते. सांगू का?' मी रडायलाच लागले. 'मग? लाज काय तुला एकटीलाच हाय का? बाईचं माप ही बोंबलून सांगायची गोष्ट न्हाई, पोरी. घेतलं की इसरायचं.' त्या दिवसापासून मी आकडा बोटांनी दाखवायला शिकले. आजही तसंच दाखवते.

मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही तुमची जुनी मशीन मला द्याल. तुम्ही दिलात माप घ्यायच्या कोपऱ्यासाठी पडदा. सतरंजीसारखा जाड, आतून अस्तर लावलेला, भर उन्हातही आतली सावली बाहेर पडू नये असा. मी मनातून नाराज झाले होते, आज सांगून टाकते. त्याच वर्षी काकूंचं ऑपरेशन झालं. काकू म्हणजे आपल्या पलीकडच्या गल्लीतल्या, मास्तरांच्या घरच्या. सासरी-माहेरी त्यांनी एवढंच सांगितलं होतं की गाठ काढली. एक बाजू पूर्ण काढली, हे मास्तरांना ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक आणि तुम्हाला. मला मदतीला घेतलंत म्हणून मलाही. दार लावून तुम्ही तो ब्लाऊज शिवलात. अस्तरात आतून एक खिसा, आणि त्यात काढता-घालता येईल अशी छोटी उशी. नुसता कापूस भरला तर त्या बाजूला वजन राहत नाही, पदर घसरतो, म्हणून कापसात मूठभर मोहरी घातलीत. काकू आरशासमोर उभ्या राहिल्या, पदर नीट केला. मग म्हणाल्या, 'आता मी हळदी-कुंकवाला जाईन.' तुमच्या पश्चात त्या काही न विचारता माझ्याकडे आल्या. मीही काही न विचारता शिवत राहिले.

आता फोन. दुकानाचं त्यात एक पान असतं. शिवलेल्या ब्लाऊजचे फोटो, व्हिडिओ तिथं टाकायचे, बायका बघतात, फोन करतात. सुरुवातीला खरंच असं होतं. एखादा कटोरी ब्लाऊज टाकला की संध्याकाळपर्यंत राणीसावरगावहून, पार पिंगळीहून विचारणा यायची, तीही फुकटात. बघता बघता माझ्या पानाला हजारो बायका जोडल्या गेल्या. आणि मग त्याच बायकांना माझे फोटो दिसेनासे झाले. त्या पान सोडून गेल्या नव्हत्या, माझंही टाकणं थांबलं नव्हतं. पण मध्ये एक यंत्र बसलंय, कुणाला काय दाखवायचं ते तेच ठरवतं. आधी ते थोड्या जवळच्या लोकांना दाखवून बघतं. ते थांबले तर पुढच्यांना दाखवतं, नाही थांबले तर विषय संपला. पैसे भरा, मग दाखवतो म्हणतं. माझंच पान, माझीच गिऱ्हाइकं, आणि वर पैसे भरायचे! आपलीच मोरी नि अंघोळीची चोरी. काही दिवस मी तेही केलं. भरले की बायका दिसायच्या, थांबवले की गुडुप.

त्या यंत्राला शिलाई कळत नाही, बाई. तुम्ही काज उसवायला लावायचात तसं ते कधी लावत नाही. बघणारीचा अंगठा कशावर किती वेळ थांबला, एवढंच त्याला कळतं. आणि अंगठा थांबतो तो भांडणावर, रडण्यावर, दुसऱ्याच्या घरातल्या झाकलेल्या गोष्टीवर. चौकातल्या दुकानाची मालकीण स्वतः शिवलेला ब्लाऊज घालून नाचते, तिच्याकडे ऐन लग्नसराईत नंबर लागतात. माझ्या पोरी मात्र मशीनवर हात ठेवून बसून. नवरा एकदा म्हणाला, 'तूच टाकायलीस, तूच बघायलीस, तूच अंगठा दाबायलीस.' मी हसले, पण ते मला लय लागलं. दुकान बंद करायची वेळ आली तर पोरींना काय सांगू, या विचारानं मी रात्री पुन्हा पुन्हा हिशेबाची वही काढायची. हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाही. पण मनात तेव्हा हेच होतं.

काकू पुतणीच्या लग्नासाठी कापड घेऊन आल्या. जांभळं, मोरपंखी काठाचं. मी तुमच्याच पद्धतीनं अस्तरात खिसा केला, उशी भरली. आणि तुम्ही दिलेल्या त्या पडद्याच्या आत फोन उभा केला. व्हिडिओत फक्त माझे हात, तो जांभळा ब्लाऊज, त्यातला खिसा, ती उशी आणि ती मोहरी. वरून माझा आवाज, 'ऑपरेशनात एक बाजू गेलेल्या बाईसाठी हा खिसा. हे गुपित तुम्हाला कुठलाच टेलर सांगणार नाही.' नाव नाही, चेहरा नाही. मनाला समजावलं, अशा बायका पुष्कळ असतील, त्यांना उपयोग होईल. उपयोग झालाही, ते खोटं नाही. नांदेडची एक बाई फोनवर रडली, ऑपरेशननंतर ती घराबाहेरच पडली नव्हती. पण मी तो त्या बाईसाठी टाकला नव्हता. अंगठे थांबावेत म्हणून टाकला होता, आणि ते थांबले. बघणाऱ्यांचा आकडा असा चढत गेला की तो बघण्याच्या नादात माझी भाजी करपली. मी त्या करपलेल्या भाजीवरसुद्धा खूश होते, बाई. मी कुणाचं तरी माप चव्हाट्यावर मांडलंय, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

मला परभणी, नांदेड, लातूर असं लांब पोचायचं होतं. पण यंत्र आधी जवळच्यांना दाखवतं. लांब जाण्याआधी तो व्हिडिओ आपल्या गल्लीतूनच गेला, मास्तरांच्या सगळ्या सोयऱ्यांच्या घरातून गेला. काकूंनी लग्नात तोच ब्लाऊज घातला. चेहरा दाखवला नाही म्हणून मी निर्धास्त होते. आपल्याकडे बायका चेहऱ्याच्या आधी काठ बघतात, हे इतकी वर्षं शिलाई करून मला सुचू नये? जेवणाच्या पंगती बसेपर्यंत हॉलभर झालं. कुणीतरी फोन काढून काठाला काठ लावून बघितला. त्यांची जाऊ शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, 'कोन्या बाजूचं हाय हो ते?'

हे मला खुद्द काकूंनी सांगितलं. बाजाराचा दिवस होता, दुकानासमोर भाजीवाल्यांची गर्दी. त्या पायरीवरच थांबल्या, आत आल्या नाहीत. मी म्हणाले, 'काकू, या ना, बसा.' त्या म्हणाल्या, 'दोन कापडं दिलेली हायेत शिवायला. कापली नसतील तर परत दे.' मी पिशवी आणून दिली आणि चाचरत बोलले, 'काकू, मी तुमचं तोंड दाखवलं नव्हतं हो.' त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'तोंडाला काय झालंय माझ्या? तोंड तर समद्यांनी बघितलेलंच हाय.' मग पिशवीतली कापडं नीट घडी करत त्या म्हणाल्या, 'तुझ्या बाई गेल्या तवा मी लय रडले. मग म्हनलं, त्यांच्या हाताखालची हाय ना, हिला काय सांगायची गरज न्हाई.' आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. गर्दीतून वाट काढत निघून गेल्या. त्यानंतर त्या कुठल्या हळदी-कुंकवाला दिसल्या नाहीत. मला लाज वाटते, बाई. जेवताना वाटते, टेप गळ्यात घालताना वाटते, आणि कुणी 'तुमचा तो व्हिडिओ फार छान होता' म्हणालं की सगळ्यात जास्त वाटते.

हे सगळं खरं तर काकूंच्या दारात जाऊन बोलायला हवं. दार इथून हाकेच्या अंतरावर आहे. पण त्या दार लावून घेतील, आणि तुम्ही लावू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हा कागद कुठं जायचा नाही, लाईट आली की फाडून टाकीन. तेवढ्यात एकच राहिलेलं सांगते. मी सगळ्यांना सांगत असते की काकू बोलून गेल्या आणि मी त्या क्षणी व्हिडिओ काढून टाकला. नवऱ्यालाही हेच सांगितलंय. तसं झालं नाही. काकू वळल्या, दिसेनाशा झाल्या, मी फोन हातात घेतला आणि आधी आकडा बघितला. तो अजून चढत होता. पुढचा आठवडी बाजार भरेपर्यंत मी तो व्हिडिओ तसाच राहू दिला, आणि चढायचा थांबला तेव्हा काढला.